पारख्याची पारख

शिकागो शहरांतील बास्केटबॉलच्या प्रेक्षागृहांत १२ जानेवारी २०२४ रोजीं एक सन्मानसमारंभ झाला. तेथील 'बुल्स' नांवाच्या संघानें १९९१ पासून १९९८ पर्यंतच्या आठ वर्षांत सहा अजिंक्यपदें मिळविलीं. त्या वैभवाशीं ज्यांचा संबंध होता त्यांचीं नांवें एकामागून एक पुकारलीं जात होतीं आणि हजारोंचा जमाव टाळ्यांचा कडकडाट करीत होता. जेरी क्राऊस याचें नांव निघालें तेव्हां मात्र त्याच जमावानें त्याची हुर्यो उडविली. क्राऊस २०१७ सालींच वारला होता. पण त्याची विधवा समोर बसलेली होती, आणि तिच्या डोळ्यांस आलेलें पाणी साऱ्या देशानें पाहिलें. ज्या संघाच्या स्तुतीसाठीं ते लोक जमले होते, तो संघ बहुतांशीं याच गृहस्थानें जुळविलेला होता.

या प्रसंगांतील असभ्यपणाविषयीं आम्हांस लिहावयाचें नाहीं. तो उघड आहे. आमच्या मनांत घोळत राहिला तो प्रश्न निराळा आहे. जो स्वतः खेळत नाहीं, खेळ शिकवीत नाहीं, केवळ माणसें निवडतो, त्याचें मोल ठरवावयाचें कशावरून? रत्नें पारखणाऱ्याची पारख कोणत्या कसोटीवर करावयाची? आणि ती करतां येत नसेल तर त्यास शिव्याशाप देण्याचा, अथवा खांद्यावर घेऊन नाचण्याचा, आपणांस अधिकार तरी कोणता?

बास्केटबॉल हा खेळ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मुलांनीं शाळेच्या मैदानावर खेळलेला असतो. १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या एका शिक्षकानें तो काढला. परंतु त्या देशांत या खेळाचा जो धंदेवाईक पसारा आज आहे, त्याची थोडी माहिती दिल्यावांचून पुढील विवेचन नीट समजावयाचें नाहीं. तेथील मुख्य मंडळांत ३० संघ आहेत व प्रत्येक संघास वर्षाकांठीं ८२ सामने खेळावे लागतात. पगारावर किती खर्च करावा यास नियमांनीं बंधन घातलेलें आहे. त्यामुळें धनिकानें थैली मोकळी सोडून सर्व नामांकित खेळाडू एकाच घरांत आणावे असें होऊं शकत नाहीं. नव्या तरुण खेळाडूंची दरवर्षीं निवड होते, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. त्यांत संघांनीं क्रमाक्रमानें एकेकास घ्यावयाचें असतें, आणि पहिले कांहीं क्रमांक आदल्या वर्षीं मागें पडलेल्या संघांत सोडत काढून वांटले जातात. या ड्राफ्टमध्यें कोणास घ्यावें, कोणास देऊन कोणास आणावें, कोणास किती वर्षांचा करार द्यावा, शिक्षक कोण नेमावा, हें सारें ज्याच्या हातीं असतें तो जनरल मॅनेजर. आपल्याकडील जुन्या शब्दानें त्यास कारभारी म्हटलें तर अधिक बरें. गादीचा धनी निराळा, रणांत लढणारे निराळे, आणि यश आलें तर मागें राहणारा व अपयश आलें तर पुढें ओढला जाणारा हा कारभारी निराळा.

मुंबईकरांस या मंडळींचें ओझरतें दर्शन २०१९ च्या ऑक्टोबरांत घडलें. सॅक्रामेंटो व इंडियाना या दोन संघांनीं वरळीस दोन सराव-सामने खेळून दाखविले. त्यांपैकीं सॅक्रामेंटोचा संघ मूळचे मुंबईचे विवेक रणदिवे व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं विकत घेतलेला. त्यामुळें आपल्या लोकांस त्याविषयीं थोडी घरची आस्था वाटली तर नवल नाहीं. याच संघाच्या कारभाऱ्यानें, म्हणजे व्लादे दिवाच यानें, २०१८ च्या ड्राफ्टमध्यें दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅग्ली यास घेतलें आणि स्लोव्हेनियाच्या लुका डोंचिच यास जाऊं दिलें. डोंचिच पुढें या खेळांतील अगदीं पहिल्या पंक्तीस जाऊन बसला. दिवाच स्वतः युरोपांतून आलेला नामांकित खेळाडू. युरोपांतील तरुणाची पारख त्याला तरी चुकावयास नको होती, असें लोक म्हणाले. २०२० सालीं तो त्या पदावरून दूर झाला. आतां हा मनुष्य वाईट कारभारी होता काय? बहुतेक जण 'होय' म्हणतील, आणि कदाचित् तें खरेंहि असेल. परंतु एका चुकीवरून तसें म्हणणारांनीं पुढील हकीकत ध्यानांत घ्यावी.

२००३ सालीं डेट्रॉईटचा कारभारी जो ड्युमार्स याच्या हातीं ड्राफ्टचा दुसराच क्रमांक होता. त्यानें डार्को मिलिचिच या अठरा वर्षांच्या मुलास घेतलें. त्याच्या पाठोपाठ कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे तिघे गेले. ते तिघेहि पुढें कीर्तीच्या शिखरास पोंचले. मिलिचिचच्या हातून विशेष कांहीं झालें नाहीं. या खेळाच्या इतिहासांतील ठळक चुकांत या निवडीची गणना होते. आणि पुढच्याच वर्षीं, २००४ सालीं, डेट्रॉईटनें अजिंक्यपद मिळविलें! तें दैवानें पदरांत पडलें असेंहि नाहीं. इतरांनीं सोडून दिलेले किंवा कमी लेखलेले खेळाडू ड्युमार्सनें एकेक करून गोळा केले होते, आणि हंगाम अर्धा उलटल्यावर रशीद वॉलेस यास आणून त्यानें त्यावर कळस चढविला. म्हणजे एकाच मनुष्याच्या खात्यावर वर्षाच्या आंत अक्षम्य म्हणावी अशी चूक आणि अपूर्व म्हणावें असें यश, दोन्ही जमा आहेत. त्याची बेरीज कोणत्या पद्धतीनें करावयाची?

साधा मनुष्य म्हणतो, 'फळ पाहा. किती सामने जिंकले, किती हरले तें मोजा.' हें माप सोपें आहे आणि निरुपयोगीहि नाहीं. पण क्राऊसच्या बाबतींतच तें लावून पाहावें. १९८५ सालीं तो शिकागोचा कारभारी झाला तेव्हां मायकेल जॉर्डन तेथें होताच. १९८४ सालीं त्याला घेतलें तें क्राऊसच्या आधींच्या कारभाऱ्यानें. मग 'ज्याच्या घरीं कामधेनु बांधलेलीच होती त्यानें दूध काढलें यांत पराक्रम तो काय?' असा आक्षेप निघतो. उलट बाजूचे लोक सांगतात कीं, जॉर्डन आल्यावरहि तो संघ कित्येक वर्षें अजिंक्यपदाच्या जवळ फिरकला नाहीं. एका लहानशा कॉलेजांत खेळणारा स्कॉटी पिपेन हेरून १९८७ सालीं त्याला मिळवावा, त्याच दिवशीं होरेस ग्रँट यासहि घ्यावें, जॉर्डनचा स्नेही चार्ल्स ओकली यास त्याच्या मनाविरुद्ध देऊन उंच मध्य-खेळाडू आणावा, फिल जॅक्सन या विशेष नांव नसलेल्या गृहस्थास १९८९ सालीं मुख्य शिक्षक नेमावा, हें सर्व क्राऊसचें काम. पुन्हा पहिला पक्ष उठतो. १९९८ नंतर सर्व मंडळी पांगली, संघ नव्यानें बांधण्याची मोकळीक क्राऊसला मिळाली, आणि झालें काय? पहिल्या तीन हंगामांत मिळून २१४ पैकीं १६९ सामने हरले.

हा वाद मिटत नाहीं, आणि आमच्या मतें तो मिटणारहि नाहीं. कारण टाळी दोन हातांनीं वाजल्यावर आवाजांतील उजव्या हाताचा वांटा किती व डाव्याचा किती, असेंच तें विचारणें आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माच्या सिद्धीस पांच कारणें सांगितलीं आहेत. कर्ता हें त्यांपैकीं केवळ एक, आणि दैव हें पांचवें. आमच्या नित्य बोलण्यांत आपण पांचांतील चार गाळून टाकतों आणि सर्व श्रेय किंवा सर्व दोष एकट्या कर्त्याच्या माथीं मारतों. गंमत अशी कीं, खेळाडू व शिक्षक हे एकटेच अजिंक्यपद मिळवीत नसतात, संस्था मिळवीत असते, अशा अर्थाचें एक वाक्य क्राऊस बोलला होता. तें छापतांना 'एकटेच' एवढा शब्द गळला, अशी त्याची तक्रार शेवटपर्यंत होती. त्या एका शब्दानें त्याचा घात केला. शिकागोच्या लोकांच्या मनांत तो कायमचा श्रेय लाटणारा ठरला.

बरें, निकाल बाजूला ठेवून निवडीच तपासूं म्हटलें तर तेथेंहि पाय घसरतो. निकोला योकिच हा सर्बियाचा खेळाडू २०१४ च्या ड्राफ्टमध्यें ४१ व्या क्रमांकावर डेन्व्हरला मिळाला. त्याचें नांव जाहीर झालें त्या क्षणीं दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थांच्या एका दुकानाची जाहिरात चालू होती! तोच पुढें २०२१, २०२२ आणि २०२४ या वर्षीं मंडळांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तेव्हां डेन्व्हरचा कारभारी टिम कॉनेली याच्या दृष्टीची वाखाणणी व्हावी हें साहजिक आहे. परंतु त्याच रात्रीं डेन्व्हरनें १६ व्या व १९ व्या क्रमांकांचे दोन खेळाडू योकिचच्या आधीं घेतले होते, आणि त्यांतील एक तर योकिचच्याच जागेवर खेळणारा होता. योकिच काय होणार हें कॉनेलीस ठाऊक असतें तर त्यानें ४१ व्या क्रमांकापर्यंत वाट पाहिली असती काय? त्यास इतरांहून थोडें अधिक दिसलें एवढें खरें. पण जें दिसलें तें आणि जें घडलें तें यांत फार मोठें अंतर आहे, आणि तें अंतर कोणाच्याहि बुद्धीनें भरून निघालेलें नाहीं. शिवाय २०२३ सालीं डेन्व्हरनें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां कॉनेली तेथें नव्हताच. आदल्या वर्षींच तो मिनेसोटास गेला होता. झाड लावणारा एक आणि पाडाचे आंबे खाणारा दुसरा.

उलट पोर्टलंडच्या संघाचें नशीब पाहावें. १९८४ सालीं ह्यूस्टन व पोर्टलंड यांच्यांत पहिला क्रमांक कोणाचा हें नाणें फेंकून ठरलें. पोर्टलंडची बाजू पडली नाहीं, आणि दुसऱ्या क्रमांकावर त्यांनीं जॉर्डनला सोडून सॅम बोवी यास घेतलें. कारण जॉर्डनच्या जागेवर खेळणारा एक उत्तम तरुण त्यांच्याकडे होताच. २००७ सालीं त्यांच्याकडे पहिला क्रमांक आला. त्यांनीं केव्हिन ड्युरँट यास न घेतां ग्रेग ओडेन यास घेतलें, आणि त्या वेळीं बहुतेक जाणत्यांचें मत तसेंच होतें. ओडेनचे गुडघे निकामी झाले. पोर्टलंडसाठीं तो सगळे मिळून ८२ सामने खेळला. आम्हांस या दोन चुकांत भेद दिसतो. बोवीच्या पायाचें दुखणें जुनें व माहितीचें होतें. ज्यानें तें पाहूनहि त्यास घेतलें त्यास जाब विचारतां येतो. ओडेनच्या वेळीं मात्र जो दोष दिला जातो तो बव्हंशीं मागाहून सुचलेल्या शहाणपणाचा आहे.

दैवाचा हा भाग किती सूक्ष्म जागीं बसलेला असतो याचें उदाहरण टोरोंटोचें आहे. तेथील मुख्य कारभारी मसाई उजिरी यानें २०१८ सालीं आपल्या शिक्षकास काढलें, आणि थोड्याच दिवसांत त्याच शिक्षकास त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट शिक्षक म्हणून मान मिळाला. नंतर नऊ वर्षें इमानानें खेळलेल्या व लोकांच्या गळ्यांतील ताईत झालेल्या डेमार डिरोझन यास त्यानें देऊन टाकलें आणि कवाय लेनर्ड यास आणलें; तोहि दुखापतीमुळें आदलें जवळजवळ सबंध वर्ष बसून काढलेला, आणि एकच वर्ष राहण्याची खात्री असलेला. लोक खवळले. पुढें १२ मे २०१९ रोजीं फिलाडेल्फियाविरुद्धच्या निर्णायक सामन्यांत दोन्ही संघ ९०-९० असे बरोबरींत असतां शेवटच्या पळास लेनर्डनें चेंडू फेंकला. तो कड्यावर एकदां, दोनदां, तीनदां, चारदां आपटला आणि आंत पडला. टोरोंटोनें त्या वर्षीं अजिंक्यपद मिळविलें. अखेरच्या फेरींत प्रतिपक्षाचे दोन मोठे खेळाडू जायबंदी झाले हेंहि विसरतां येत नाहीं. चेंडू बाहेर पडता तर सामना तेथेंच गेला असता असें नाहीं, जादा वेळ मिळाला असता. पण गेला असता तर उजिरीस आज काय म्हटलें असतें याची कल्पना करावी. त्याची बुद्धि तीच, धाडस तेंच, डिरोझनशीं वागण्यांत झालेली व त्यानें स्वतः कबूल केलेली कसूरहि तीच.

ॲडम स्मिथ यानें १७५९ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत हा विषय चर्चिला आहे. हेतूवरून माणसाची किंमत करावी हें तत्त्व सर्वांस मान्य असतें, पण प्रत्यक्ष प्रसंग आला कीं, सर्वांच्या भावना फळाकडे ओढल्या जातात, असें त्याचें निरीक्षण आहे. १९७६ सालीं बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोघां तत्त्वज्ञांनीं त्यालाच 'नैतिक दैव' असें नांव देऊन तो वाद पुन्हा उकरून काढला. जें आपल्या हातीं नव्हतें त्याबद्दल कोणी आपणांस दोष देऊं नये, असें आपण म्हणतों खरें. पण या नियमानें एकेक गोष्ट वगळीत गेलें तर शेवटीं माणसाच्या हातीं असलेलें असें कांहीं उरतें कीं नाहीं, हीच शंका पडते.

या अडचणींतून सुटण्यासाठीं अलीकडे एक मत फार लोकप्रिय झालें आहे. निकाल पाहूं नका, रीत पाहा. रीत बरोबर असेल तर निकाल आज ना उद्यां बरोबर येईल, असें हें मत सांगतें. फिलाडेल्फियाचा कारभारी सॅम हिंकी हा या पंथाचा आचार्य. २०१३ सालीं अधिकारावर आल्यावर त्यानें चांगले खेळाडू देऊन टाकले आणि भावी ड्राफ्टचे क्रमांक सांठविण्याचा सपाटा लावला. हरणाऱ्यास सोडतींत अधिक संधी मिळते, तर मग मनसोक्त हरावें, हें त्याचें गणित. त्याच्या तीन हंगामांत संघानें अनुक्रमें १९, १८ आणि १० सामने जिंकले. एकदां तर दोन हंगाम मिळून ओळीनें २८ सामने हरले. २०१६ च्या एप्रिलांत तेरा पानांचें पत्र लिहून त्यानें राजीनामा दिला. त्यानें घेतलेला जोएल एम्बीड पहिलीं दोन वर्षें दुखापतीमुळें खेळूं शकला नाहीं. पण २०२३ सालीं तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. लोकांनीं 'रीतीवर विश्वास ठेवा' असा घोषच सुरू केला. तरीहि २०१८ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक वर्षीं तो संघ बाद-सामन्यांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या फेरींतच गारद झाला.

हिंकीचे भक्त म्हणतात, त्याला पुरता वेळ मिळाला नाहीं. शत्रु म्हणतात, मिळाला तेवढाच फार झाला. आम्हांस यांत एक निराळीच खोंच दिसते. रीत पाहा हें म्हणणें योग्य आहे. परंतु जी रीत कोणत्याहि निकालानें खोटी ठरूं शकत नाहीं ती रीत नसून श्रद्धा होय. हरलों तर वेळ अपुरा, जिंकलों तर रीत खरी, असें म्हणणाऱ्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. आणि दुसरें असें कीं, तिकिटाचे पैसे देऊन आलेल्या बापलेकांस, व घाम गाळून खेळणाऱ्या त्या तरुणांस, 'तुमचें हरणें हेंच आमचें भांडवल' असें मनांतल्या मनांत म्हणणारा कारभारी हिशेबांत कितीहि हुशार असला, तरी त्याच्या हुशारींत आम्हांस कांहीं तरी उणें वाटतें. मंडळासहि तें वाटलें असावें. सर्वांत मागें पडलेल्या संघास पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता पूर्वीं शेंकडा २५ होती, ती २०१९ पासून शेंकडा १४ वर आणण्यांत आली.

डॅलसची हकीकत तर अगदीं ताजी आहे. निको हॅरिसन यानें फेब्रुवारी २०२५ मध्यें, अवघ्या पंचवीस वर्षांच्या व आदल्याच वर्षीं संघास अखेरच्या फेरीपर्यंत नेणाऱ्या डोंचिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकलें. बदल्यांत मिळालेला मुख्य खेळाडू वयानें मोठा, आणि पहिल्याच सामन्यांत जायबंदी झालेला. त्यानंतर तीन महिन्यांनीं सोडत निघाली तेव्हां डॅलसची संधी हजारांत अठरा एवढीच होती; आणि पहिला क्रमांक नेमका डॅलसलाच लागला! त्यांना कूपर फ्लॅग हा होतकरू मुलगा मिळाला. हॅरिसनला मात्र नोव्हेंबरांत काढण्यांत आलें. आमच्या दृष्टीनें येथें लोकांनीं बरोबर न्याय केला. पुढें फ्लॅग कितीहि मोठा झाला तरी त्यामुळें डोंचिचला देण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरणार नाहीं. वाटेंत सांपडलेल्या मोहोरेनें घर विकल्याचा तोटा भरून निघेल, पण व्यवहार चांगला झाला असें होत नाहीं. चमत्कार असा कीं, त्या घटनेच्या एकच वर्ष आधीं याच हॅरिसननें केलेल्या दोन अदलाबदलींची सर्वत्र वाहवा झाली होती.

तर मग पाहावें काय? निर्णयाच्या दिवशीं त्यास काय माहीत होतें व काय माहीत करून घेतां आलें असतें. मिळालेल्या वस्तूसाठीं त्यानें मोजलेली किंमत बेताची होती कीं नव्हती. चूक उमगल्यावर ती सोडून देण्याचें धैर्य त्यानें दाखविलें कीं ती झांकण्यासाठीं दुसरी केली. ज्यांस तो देऊन टाकतो त्यांच्याशीं तो कसा बोलतो, हें पाहावें, असें आम्ही म्हणूं. पण हें बाहेरून दिसावयाचें कसें, ही अडचण आहेच. कारभाऱ्याच्या आयुष्यांत खरोखर मोठे निर्णय दहा-पंधरा येत असतील. तेवढ्यावरून कौशल्य व दैव निवडून काढणें म्हणजे दहा वेळां नाणें फेंकून फेंकणाऱ्याचें कसब ठरविण्यासारखें आहे. तीस जण नाणीं फेंकीत बसले तर एखाद्याची बाजू ओळीनें पांच वेळां पडणारच, आणि त्याच्याभोंवतीं लोक जमणारच. धन्यास मात्र थांबतां येत नाहीं. त्यास ठेवावें कीं काढावें याचा निकाल उन्हाळ्यापूर्वीं द्यावा लागतो. त्याला आम्ही हंसणार नाहीं. प्रेक्षागृहांत बसलेल्या जमावावर मात्र अशी सक्ति कोणीच केलेली नसते.

हा प्रश्न आमच्या मनास लागण्याचें एक घरगुती कारण आहे, तें सांगून टाकतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेच्या निवड-समितीवर बसण्याचा योग आम्हांस आला होता. एका जागेसाठीं दोन उमेदवार उरले होते. एकास घेतलें, त्यानें पुढें वीस वर्षें इमानें इतबारें, पण कोणाच्या फारसें ध्यानांत न राहील असें काम केलें. दुसरा परगांवीं गेला आणि आपल्या विषयांत मोठा विद्वान् म्हणून गाजला. त्याचें नांव वर्तमानपत्रांत आलें कीं, आमचे एक स्नेही आमच्याकडे पाहून हंसत. आम्ही त्यांस नेहमीं सांगत असूं कीं, आमच्या येथें राहून तो तसाच वाढला असता याला पुरावा काय? हें उत्तर तर्काच्या दृष्टीनें बिनतोड होतें आणि आम्हांस त्यानें पुष्कळ दिवस समाधानहि दिलें.

पुढें जुने कागद आवरतांना त्या दिवशींचें आमच्याच अक्षरांतील टांचण हातीं लागलें. नाकारलेल्या उमेदवाराच्या नांवापुढें आम्हीं लिहिलें होतें: 'उत्तर देण्यापूर्वीं फार वेळ घेतो.' दुसरें एकहि कारण नव्हतें. प्रश्न काय विचारला होता तें आतां आठवत नाहीं. वेळ घेण्याजोगाच तो असावा. तो गृहस्थ पुढें नामांकित झाला नसता तरी आमचा तो शेरा तितकाच उथळ ठरला असता. फक्त मग तो कागद आम्हीं न वाचतांच फाडून टाकला असता.